शुद्धतेच्या दाखल्यावर सही कोणाची?

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांचे फोन सुरू होतात. मुलाला विज्ञान शाखेत इतके टक्के पडले, सीईटीत इतके आले, आता पुढे काय करायचे? एमबीबीएसला नंबर लागत नाही, खासगी इंजिनिअरिंगची फी झेपत नाही, तेव्हा बी.एस्सी.ला नाव घालून ठेवतो आणि पोराला स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला पाठवतो, असे बहुतेकांनी मनाशी ठरवलेले असते. अशा पालकांना आम्ही एक गोष्ट आवर्जून सुचवतो. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय आहे, तिथला अर्ज भरून ठेवा. त्यावर पलीकडून हमखास प्रश्न येतो, "म्हणजे सर, पोराने चार वर्षे स्वयंपाक शिकायचा का?"

हा प्रश्न विचारणाऱ्या बापाला आम्ही हसत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर अन्न म्हटले की चूल येते आणि शिक्षण म्हटले की कचेरी येते. अन्नाचे शास्त्र असते, त्या शास्त्राची पदवी असते, त्या पदवीवर नोकरी मिळते, अधिकार मिळतो, कारखानाही उभा राहतो, हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही. शिवाय आपल्या समाजाचा अन्नाशी असलेला संबंध साधा नाही. धान्य पेरायला, खुरपायला, मळायला आणि पोती वाहायला आपले हात चालत होते. तेच धान्य शिजून ताटात आले की त्याच हातांचा विटाळ होत होता. पाण्याचेही तेच. जनावरांना मोकळे असलेले चवदार तळे माणसांना बंद होते, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडला जाऊन त्या पाण्याची ओंजळ भरावी लागली.

'हे सगळे जुने झाले' असे म्हणणारे आता आपल्यातही निघाले आहेत. त्यांनी फार मागे जाण्याची गरज नाही. शाळांतील मध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २००४ मध्ये द्यावा लागला. आणि डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात, सूखीढांगच्या शाळेत, दलित भोजनमातेने शिजवलेले अन्न सवर्ण मुलांनी नाकारले. ती मुले लहान होती. आपल्या ताटातले अन्न कशाने बाटते हे त्यांना घरी शिकवले गेले होते. अन्न खरोखर कशाने बिघडते हे मात्र त्यांना कोणी शिकवले नव्हते.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणारी विद्या म्हणजे अन्नतंत्रज्ञान. अन्न शुद्ध की अशुद्ध हे या देशात शतकानुशतके जन्मावरून ठरत आले. प्रयोगशाळेत ते तापमापकावरून, सूक्ष्मदर्शकावरून आणि मोजमापावरून ठरते. ज्याला हे मोजता येते त्याला त्या अन्नाच्या दाखल्यावर सही करण्याचा अधिकार मिळतो. ज्यांच्या स्पर्शाने अन्न बाटते असे सांगितले गेले, त्यांच्या मुलामुलींनी ही सही करण्याची पात्रता मिळवली पाहिजे, असे आम्हांस वाटते. हा लेख त्यासाठीच आहे.

बाबासाहेबांनी ही दिशा फार आधी दाखवून ठेवली आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सरकारला सादर केले. त्यात शिक्षणाविषयी मांडलेला विचार आजही आपल्या कार्यकर्त्यांना नीट ठाऊक नाही. कला आणि कायदा या शाखांच्या शिक्षणाने अस्पृश्यांचा फारसा उत्कर्ष होणार नाही, त्यांना विज्ञान व तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे आणि ते खर्चिक असल्यामुळे सरकारने त्यासाठी शिष्यवृत्त्या दिल्या पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. ते स्वतः अर्थशास्त्रज्ञ आणि बॅरिस्टर होते, तरीही त्यांनी हे लिहिले. आज आपली मुले ज्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर शिकतात, तिचे मूळ त्याच काळातील या पाठपुराव्यात आहे. म्हणजे ही शिष्यवृत्ती मागताना बाबासाहेबांच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा होती. आपण मात्र तिच्या पैशावर बी.ए.च्या वर्गात नाव घालतो आणि अभ्यासिकेत जाऊन बसतो.

आता परभणीविषयी. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. परभणीचे विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. २०१३ पासून त्याचे नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ असे आहे. मराठवाड्यातील आठ जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. याच विद्यापीठात १९७६ साली अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय सुरू झाले. त्यापूर्वी या विषयाचे शिक्षण घ्यायचे तर मुंबईला किंवा नागपूरला जावे लागे, किंवा थेट म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था गाठावी लागे. दुष्काळी मराठवाड्यातल्या पोराला ते कुठून परवडणार? सरकारने हे महाविद्यालय परभणीत उभे केले, म्हणून जिंतूर, पाथरी, वसमत, परळीकडच्या मुलांना ही विद्या एसटीच्या अंतरावर आली. सार्वजनिक विद्यापीठाचे मोल ते हेच. तिथली इमारत, यंत्रे आणि प्राध्यापकांचे पगार लोकांच्या पैशातून होतात. त्यामुळे तिथे शिकणे हा आपला हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

अभ्यासक्रम बी.टेक.चा. चार वर्षे, आठ सत्रे. बारावी विज्ञान आणि राज्याची सीईटी देऊन प्रवेश मिळतो. सुरुवातीला अन्नाचे रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि अभियांत्रिकीची मूळ तत्त्वे शिकावी लागतात. उष्णता एका पदार्थातून दुसऱ्यात कशी जाते, द्रवपदार्थ नळातून कसे वाहतात, शीतगृह कसे चालते, हे सगळे त्यात येते. मग एकेका पदार्थाचे तंत्र येते. धान्य, डाळी व तेलबिया, फळे व भाजीपाला, दूध, मांस, मासे, अंडी, बेकरी. पुढे वेष्टन, गुणवत्ता नियंत्रण, अन्नविषयक कायदे, कारखान्याची आखणी आणि शेवटी प्रत्यक्ष कारखान्यात जाऊन प्रशिक्षण. ज्याला हा स्वयंपाक वाटतो त्याने एकदा अन्न अभियांत्रिकीचा पेपर सोडवून पाहावा.

तिथे नेमके काय शिकवतात ते एका साध्या उदाहरणाने सांगतो. परीक्षानळीत दूध घेतात आणि त्यात मिथिलिन ब्ल्यू नावाचा निळा रंग टाकतात. नळी कोमट पाण्यात ठेवतात आणि घड्याळ लावून बसतात. दुधात जंतू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर उडतो. अर्ध्या तासात दूध पांढरे झाले तर ते वाईट. पाच तासांनीही निळे राहिले तर उत्तम. दूध कोणाच्या गोठ्यातले, धार कोणी काढली, डेअरीपर्यंत कोणी आणले, हे त्या नळीला कळत नाही. धार काढणाऱ्याने हात आणि भांडी धुतली होती की नाही, हे मात्र बरोबर कळते.

दुसरे उदाहरण हाताचेच घेऊ. स्टॅफिलोकोकस नावाचा एक जंतू आहे. साधारण तिघांपैकी एका धडधाकट माणसाच्या नाकात तो वस्तीला असतो. नाकाला लागलेला हात न धुता अन्नाला लागला, ते अन्न चार तास उघड्यावर राहिले, की तो वाढतो आणि त्यात विष तयार करतो. नंतर अन्न उकळले तरी ते विष सहजासहजी जात नाही. लग्नातल्या पंगतीला होणाऱ्या विषबाधांत पुष्कळदा हाच कारणीभूत असतो. हा जंतू कोणत्याही जातीच्या माणसाच्या नाकात सारखाच राहतो. सोवळे नेसलेल्या आचाऱ्याचा हात न धुतलेला असेल तर त्याने केलेले अन्न अशुद्ध, आणि साबणाने हात धुऊन आलेल्या आपल्या भगिनीने केलेले अन्न शुद्ध. हे भाषण नव्हे, हा दुसऱ्या वर्षाच्या सूक्ष्मजीवशास्त्राचा धडा आहे.

तिसरे उदाहरण आपल्याच घरातले. मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून, दोरीवर उन्हात वाळवलेल्या चान्या आपल्या आज्यांनी केल्या. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ साली आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या अशा खाद्यपदार्थांची नोंद करून ठेवली आहे. मेलेल्या जनावराचे मांस खाणे ही गावाने लादलेली लाचारी होती. ते सोडा, असे बाबासाहेबांनी महाडच्या परिषदेत बजावले आणि समाजाने ते सोडले, हे योग्यच झाले. पण मांस महिनोन्महिने टिकवण्याची ती युक्ती मात्र अडाणीपणाची नव्हती. अन्नातल्या पाण्यापैकी जंतूंना वापरता येईल इतके पाणी किती, हे अन्नतंत्रज्ञ शून्य ते एक अशा अंकात मोजतात. तो अंक ०.६० च्या खाली गेला की त्या अन्नात जंतू, बुरशी यांपैकी काहीच वाढत नाही. मीठ आणि ऊन त्या अंकाला खाली आणतात. आमच्या आज्यांना तो अंक ठाऊक नव्हता, पण त्यामागचे काम त्यांना येत होते. फ्रान्सच्या निकोला आपेर यालाही १८१० साली हवाबंद बरण्यांत अन्न टिकवल्याबद्दल सरकारी बक्षीस मिळाले, तेव्हा ते अन्न का टिकते हे सांगता आले नव्हते. ते कारण पुढे पाश्चरने शोधले. आपेरचे नाव पाठ्यपुस्तकात आले. आमच्या आज्यांना लोकांनी नाक मुरडले.

या शास्त्राचा गरिबांच्या जगण्यामरण्याशी किती जवळचा संबंध आहे, ते लाखोळीच्या डाळीवरून कळते. विदर्भातल्या वाचकांना ही डाळ ठाऊक आहे. दुष्काळातही येणारी आणि स्वस्त. पण महिनोन्महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर माणसाचे पाय कायमचे लुळे पडतात. मध्य प्रदेशातील रेवा भागात मालक लोक गड्यांना मजुरीच लाखेच्या रूपात देत आणि गडी पांगळे होत. लोक ते दैवाचे भोग मानत. १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी त्या डाळीतले नेमके विष वेगळे काढून दाखवले. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिले तर विषाचा पुष्कळसा भाग निघून जातो, हेही पुढे सिद्ध झाले. केंद्र सरकारने तिच्या विक्रीवर १९६१ मध्येच बंदी आणली होती. म्हणजे ज्याला लोक नशीब म्हणत होते तो मजुरीतला अन्याय होता, आणि त्याचा पुरावा प्रयोगशाळेत मिळाला. बुरशी लागलेला शेंगदाणा, किडकी ज्वारी, भेसळीचे तेल हे आजही शेवटी गरिबाच्याच ताटात जाऊन पडते. ते ओळखणारा माणूस गरिबाच्या घरातून आला तर त्याचे डोळे अधिक उघडे असतील, असा आमचा विश्वास आहे.

आता अधिकाराचे बोलू. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला आणि त्याखालील नियम ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आले. या कायद्याने अन्न सुरक्षा अधिकारी हे पद निर्माण केले. हा अधिकारी कोणत्याही अन्न कारखान्यात, गोदामात, हॉटेलात जाऊन तपासणी करू शकतो, नमुना घेऊ शकतो, असुरक्षित माल जप्त करू शकतो. या पदाच्या पात्रतेत अन्नतंत्रज्ञानाची पदवी आहे. अन्न विश्लेषकाची परीक्षा वेगळी असते. तो नमुना तपासून जो अहवाल देतो त्यावर खटला उभा राहतो किंवा पडतो. शिवाय अन्नपदार्थ बनवणाऱ्या परवानाधारक कारखान्याला उत्पादनावर देखरेख करण्यासाठी किमान एक पात्र तांत्रिक व्यक्ती ठेवावी लागते, अशी परवान्याची अट आहे. चवदार तळ्याच्या काठावर ज्यांना अडवले, त्यांची नातवंडे-पतवंडे उद्या पाण्याच्या बाटलीचा नमुना पास की नापास हे लिहून देऊ शकतात. ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही.

पण इथेच आमची आमच्या तरुणांविषयी एक तक्रार आहे. आपली मुले अशा महाविद्यालयात प्रवेश घेतात आणि दुसऱ्या वर्षापासून प्रयोगशाळेकडे पाठ फिरवतात. सकाळी हजेरी लावायची, प्रॅक्टिकलची वही मित्राची बघून उतरवायची आणि दुपारपासून पीएसआय-एसटीआयची पुस्तके घेऊन अभ्यासिका गाठायची. पदवी हा त्यांच्या लेखी स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरण्यापुरता कागद असतो. आम्ही स्पर्धा परीक्षांच्या विरोधात नाही. प्रशासनात आपली माणसे हवीतच. परंतु काही शे जागांसाठी लाखो तरुण वयाची तिशी अभ्यासिकेत घालवतात, आणि ज्या विद्येत त्यांना चार वर्षे सरकारी खर्चाने शिकवले त्या विद्येत ते कोरेच राहतात. मग कारखान्यातल्या मुलाखतीत पाश्चरीकरणाचे तापमान विचारले तर उत्तर येत नाही. बहात्तर अंश, पंधरा सेकंद. ही साधी गोष्ट ज्याला येत नाही त्याला नाकारताना जातीचे कारण द्यावेच लागत नाही. भेदभाव करणाऱ्याच्या हाती आपण आयते निमित्त देतो.

अडचणी खऱ्या आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्या सत्रात इंग्रजीची धडकी भरते. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात आणि तोवर खानावळवाला थांबत नाही. खासगी महाविद्यालयात तीच पदवी घ्यायची तर फीचा आकडा ऐकूनच बाप गप्प होतो. म्हणून आधी सरकारी जागेसाठी प्रयत्न करा, प्रवेशाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, जात पडताळणीचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला बारावीच्या वर्षातच काढून ठेवा. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर २०१६-१७ पासून सुरू असलेल्या स्वाधार योजनेत अर्ज करता येतो. इंग्रजीचा बाऊ करू नका. पहिल्या वर्षी रोज दहा पारिभाषिक शब्द पाठ केले तर दुसऱ्या वर्षी पुस्तक आपोआप वाचता येते. आणि जे विद्यार्थी आज तिथे तिसऱ्या-चौथ्या वर्षाला आहेत, त्यांनी नव्या पोरांना जुन्या वह्या द्याव्यात, प्रयोगशाळेत सोबत न्यावे. चळवळीचे काम फक्त जयंतीच्या मंडपात होते असे नाही.

नोकरीच्या पुढचीही एक पायरी आहे. कोल्हापुरात १९२० च्या सुमारास गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले तेव्हा सवर्ण गिऱ्हाईक तिथे पाय ठेवीना. राजर्षी शाहू महाराज स्वतः त्या हॉटेलात जाऊन चहा घेऊ लागले, बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही घ्यायला लावू लागले. महाराजांना कळले होते की अन्नाच्या धंद्यात अस्पृश्य उतरला तर विटाळाची कल्पना मुळातूनच हलते. आज कोणी महाराज येणार नाहीत. त्यांच्या जागी परवाना क्रमांक, प्रयोगशाळेचा अहवाल आणि स्वच्छ वेष्टन आहे. मराठवाड्यात माल भरपूर आहे. जालन्याची मोसंबी आणि बीडचे सीताफळ यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, वसमतची हळद आहे, सर्वत्र तूर आणि सोयाबीन आहे. परभणीच्याच विद्यापीठाने २०१८ साली 'परभणी शक्ती' नावाचे ज्वारीचे वाण दिले. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. अंगात रक्त कमी असलेल्या आपल्या माय-भगिनींसाठी त्या ज्वारीचे पीठ, पोहे, बिस्किटे कोण करणार? सीताफळ झाडावरून उतरले की दोन-तीन दिवसांत सडते. त्याचा गर काढून, तो काळा न पडू देता, गोठवून मुंबईला कोण पोचवणार? २०२० मध्ये केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी आणलेल्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद होती. अशा योजना येतात आणि जातात. त्यांचा फायदा आधीपासून ज्याच्या हाती विद्या आहे तो उचलतो. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्याकडे निदान विद्या तरी असली पाहिजे. प्रक्रियेच्या धंद्याला सातबारा लागत नाही.

तेव्हा येत्या निकालाच्या दिवशी ज्या बापाचा फोन येईल त्याला आमचे उत्तर तयार आहे. होय दादा, पोरगा किंवा पोरगी चार वर्षे अन्नच शिकणार आहे. ते कशाने टिकते, कशाने सडते, कशाने माणूस पांगळा होतो आणि कशाने उभा राहतो, हे शिकणार आहे. शिकून परत आल्यावर गावातल्या डेअरीत, शाळेच्या स्वयंपाकघरात, तालुक्याच्या तेलगिरणीत जाऊन नमुना मागणार आहे. त्या वेळी समोरचा माणूस त्याची जात विचारणार नाही. नमुना पास झाला का, एवढेच विचारील. अर्जाची तारीख चुकवू नका.